वायदा एका पिढीचा, भरणा पुढच्या पिढीचा

२०१० सालच्या डिसेंबरात जिनिव्हाहून एक निवेदन निघाले आणि जगातल्या अनेक मोबाइल कंपन्या रातोरात चौथ्या पिढीत दाखल झाल्या. त्यासाठी एकही नवा टॉवर उभारावा लागला नाही. ‘फोरजी’ कशाला म्हणायचे याचे निकष आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, आधी ठरवले होते: एका जागी बसलेल्या ग्राहकाला सेकंदाला एक गिगाबिट, वेगाने प्रवास करणाऱ्याला शंभर मेगाबिट. त्या घडीला बाजारात असलेले एकही जाळे या निकषात बसत नव्हते. स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये टेलियासोनेराने वर्षभरापूर्वी सुरू केलेले एलटीई नाही की अमेरिकेतले वायमॅक्स नाही. जाहिराती मात्र छापून झाल्या होत्या. शेवटी आयटीयूने नमते घेतले. एलटीई, वायमॅक्स, इतकेच काय, थ्रीजीच्या सुधारलेल्या आवृत्त्यांनाही फोरजी म्हणायला हरकत नाही, असे सांगून टाकले. अमेरिकेतल्या एटी अँड टीने आपले सुधारित थ्रीजी लगेच फोरजी म्हणून विकायला काढले. पुढे २०१९मध्ये याच कंपनीने फोरजीच्या फोनवर ‘फाइव्हजी ई’ अशी अक्षरे झळकवली.

हा नुसता जाहिरातबाजीचा किस्सा नव्हे. मोबाइलच्या पिढ्या मोजायची पद्धतच अशी आहे. लहरींचे परवाने विकणारी सरकारे, उपकरणे विकणारे कारखाने आणि ग्राहकाला महागडा प्लॅन घ्यायला लावणाऱ्या कंपन्या, या तिघांनाही साधारण दर दहा वर्षांनी नवे नाव हवे असते. नावाच्या आत खरी विद्याही बदलते, यात वाद नाही. पण नाव आणि विद्या यांचे घड्याळ एक नसते. चार दशकांचा हिशेब मांडला तर बहुतेक वेळा असे दिसते की जो वायदा करून एक पिढी आली, तो तिच्या हातून पुरा झालाच नाही. तो पुरा केला पुढच्या पिढीने, आणि तेही स्वतःचा वेगळाच वायदा करता करता.

मोबाइलची मूळ अडचण लहरींच्या टंचाईची. १९४६मध्ये बेल कंपनीने सेंट लुईस शहरात मोटारीतून फोन करायची सोय केली तेव्हा सगळ्या शहरात मिळून एका वेळी जेमतेम काही संभाषणे चालू शकत. एक उंच टॉवर, जबर ताकदीचा प्रक्षेपक, आणि एकाने वापरलेली वारंवारता अख्ख्या शहरात दुसऱ्याला बंद. १९४७मध्ये बेल लॅबच्या डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात उलटा विचार मांडला. टॉवर ठेंगणे ठेवा, ताकद कमी ठेवा, शहराचे लहान लहान षट्‌कोनी तुकडे पाडा. म्हणजे एका तुकड्यात वापरलेली वारंवारता दोन तुकडे सोडून पुन्हा वापरता येईल. ‘सेल’ तो हा. कल्पना कागदावर सोपी होती. पण माणूस एका सेलमधून दुसऱ्यात गेला की बोलणे न तोडता त्याला पुढच्या टॉवरच्या हवाली करायचे, तर त्यासाठी संगणक आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स लागते, आणि ते यायला तीस वर्षे गेली. १९७९मध्ये टोकियोत, १९८१मध्ये स्कँडिनेव्हियात आणि १९८३च्या ऑक्टोबरात शिकागोत पहिल्या पिढीची जाळी सुरू झाली.

तिचा वायदा होता प्रत्येकाच्या हाती फोन देण्याचा. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून १९७३मध्ये पहिला हातातला फोन केला, तोही प्रतिस्पर्धी बेल लॅबच्या जोएल एंगल यांनाच. तो फोन दुकानात येईपर्यंत दहा वर्षे उलटली, आणि आला तेव्हा त्याची किंमत होती ३,९९५ डॉलर. वजन पाऊण किलोच्या वर, बोलणे अर्धा तास, चार्जिंग दहा तास. पण किमतीपेक्षा गणित आडवे आले. अमेरिकेतल्या जाळ्यात एका संभाषणाला ३० किलोहर्ट्झ रुंदीच्या दोन पट्ट्या लागत, एक जाण्याची आणि एक येण्याची. एका कंपनीच्या वाट्याला सुरुवातीला अशा ३३३ जोड्या आल्या. शेजारच्या सेलमध्ये तीच वारंवारता चालत नाही म्हणून त्या सात सेलच्या गटात वाटायच्या. म्हणजे एका सेलमध्ये एका वेळी पन्नाससुद्धा लोक बोलू शकत नाहीत. शिवाय सगळे अ‍ॅनालॉग असल्याने साधा स्कॅनर घेऊन कोणीही दुसऱ्याचे बोलणे ऐकावे, फोनचा क्रमांक चोरून त्याच्या नावावर बिल चढवावे. श्रीमंतांच्या मोटारीपलीकडे ही पिढी फारशी गेली नाही. भारतात तर तिने पाऊलच टाकले नाही, आणि त्यात आपले काही बिघडले नाही.

दुसऱ्या पिढीची तयारी युरोपने केली. कारण तांत्रिक कमी आणि राजकीय जास्त होते. देशोदेशीची अ‍ॅनालॉग जाळी एकमेकांशी बोलत नव्हती. फ्रान्सचा फोन जर्मनीत गेला की नुसते ओझे. १९८२मध्ये युरोपातल्या टपाल-तार खात्यांनी एक समिती नेमली, तिच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांतून ‘जीएसएम’ आले. १९८७मध्ये कोपनहेगनला करार झाला आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिंजाच्या जाळ्यावरून माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी पहिला जीएसएम कॉल केला.

जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झची एक पट्टी आठ जणांत वेळेने वाटली जाते. पाटाच्या पाण्याची पाळी लावावी तसे. फक्त इथे प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची. फोन आवाज अंकांत बदलून साठवतो, पाळी आली की भसकन सोडतो, आणि बोलणाऱ्याला मधला खंड कळत नाही. आता भागाकार केला तर एका संभाषणाला २५ किलोहर्ट्झ येतात, शिकागोच्या तिसापेक्षा किंचित कमी. मग एवढा गाजावाजा कशाचा? बचत दुसरीकडे होती. अंकांत बदललेला आवाज शेजारच्या सेलची खरखर सहन करतो, चूक दुरुस्त करून घेतो. त्यामुळे तीच वारंवारता जास्त जवळच्या सेलमध्ये वापरता येते, आणि सेलही लहान करता येतात. कूपर यांचेच म्हणणे आहे की रेडिओची क्षमता आजवर जी काही वाढली, त्यात सर्वांत मोठा वाटा सेल लहान करत नेण्याचा आहे. नव्या लहरी आणि नवी गणिते त्याच्या मागे. पिढ्यांच्या गोंगाटात हे विसरले जाते. गच्चीगच्चीवर टॉवर उगवले ते याचसाठी.

जीएसएमने दोन गोष्टी जवळजवळ जाता जाता दिल्या. एक सिम कार्ड, म्हणजे ग्राहकाची ओळख फोनपासून सुटी झाली. दुसरी एसएमएस. जाळ्याच्या अंतर्गत निरोपानिरोपीसाठी एक बारीक वाहिनी होती, तिच्यात मोकळी जागा उरायची, तिथे १४० बाइटचा मजकूर बसवला. रोमन अक्षर सात बिटांत मावते म्हणून १६० अक्षरे. देवनागरीला मात्र अक्षरागणिक सोळा बिट लागतात, म्हणजे एका एसएमएसमध्ये फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळे स्वतंत्र मोजायचे. सत्तर म्हणता म्हणता चाळीसेक अक्षरांतच निरोप संपतो आणि दुसऱ्या एसएमएसचे पैसे लागतात. मराठी माणसाने दहा-पंधरा वर्षे रोमन लिपीत मराठी लिहिले याला केवळ न्यूनगंड कारणीभूत नव्हता. जुन्या फोनमध्ये देवनागरी नसणे आणि हा सत्तरचा हिशेबही होता.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला, तेव्हा आपण थेट दुसऱ्या पिढीत उतरलो. मुंबईचे परवाने बीपीएल आणि हचिसन मॅक्स यांच्याकडे होते. त्यातल्या दुसऱ्या कंपनीची नावे मुंबईकरांनी पाळीपाळीने पाठ केली: मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन, आणि आता व्ही. सुरुवातीला मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या आसपास, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे. म्हणजे तंत्रज्ञान दुसऱ्या पिढीचे आणि ग्राहक पहिल्या पिढीचे, अशी आपली सुरुवात. राज्याराज्यांच्या परवान्यांसाठी कंपन्यांनी एवढ्या मोठ्या बोली लावल्या होत्या की चार वर्षांत त्या हप्ते भरू शकेनात. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने तोड काढली: ठरावीक शुल्क नको, महसुलातला वाटा द्या. कंपन्या वाचल्या. मात्र ‘महसूल’ म्हणजे नेमके काय, यावरचा वाद तिथेच रुजला आणि तो वीस वर्षांनी फळला.

मोबाइल खऱ्या अर्थाने खाली उतरला २००३मध्ये. त्या मे महिन्यापासून येणारा कॉल फुकट झाला. त्याच वर्षी रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून फोन हातात दिला. तो फोन जीएसएमचा नव्हता. सीडीएमएचा होता, म्हणजे अमेरिकेच्या क्वालकॉमने पुढे आणलेल्या दुसऱ्या वाटेचा. कंपनीकडे परवाना होता ‘मर्यादित फिरतीचा’, घरच्या फोनची तार रेडिओने जोडण्याचा, आणि त्या फटीतून पूर्ण मोबाइल सेवा आत आली. न्यायालयात, मंत्रालयात रणे माजली. पण भाजीवाला, रिक्षावाला, प्लंबर यांच्या खिशात फोन गेला तो या भांडणाच्या काळात. मिस कॉल ही आपली खास लिपीही याच काळातली: दोन रिंगा म्हणजे खाली ये, एक म्हणजे पोचलो. प्रत्येकाच्या हाती फोन, हा पहिल्या पिढीचा वायदा असा दुसरीने फेडला.

दुसऱ्या पिढीच्या उत्तरार्धात जीपीआरएस आणि एज या जोडण्या आल्या आणि त्यांनी खिशातल्या इंटरनेटचा वायदा केला. तो पुरा करायला तिसरी पिढी नेमली गेली. तिच्या गळ्यात मात्र आधीच एक लोढणे बांधले होते: पैसा. २०००च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने थ्रीजीच्या लहरींचा लिलाव करून जवळपास साडेबावीस अब्ज पौंड मिळवले, ऑगस्टमध्ये जर्मनीने सुमारे पन्नास अब्ज युरो. डॉट-कॉमचा फुगा फुटत असताना कंपन्यांनी हवेच्या पट्ट्यांसाठी ही रक्कम मोजली आणि पुढची कित्येक वर्षे युरोपातल्या दूरसंचार कंपन्या कर्जे फेडत बसल्या. जपानमध्ये डोकोमोने १ ऑक्टोबर २००१ रोजी पहिली थ्रीजी सेवा सुरू केली. फोन जाड, बॅटरी दुपारी संपणारी, आणि लोकांना दाखवायला एकच गोष्ट: व्हिडिओ कॉल. तो कोणी फारसा केला नाही.

तांत्रिकदृष्ट्या थ्रीजी ही मला सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत हट्टी पिढी वाटते. इथे वेळेची पाळी नाही की वारंवारतेची वाटणी नाही. पाच मेगाहर्ट्झच्या एकाच पट्टीत सगळे एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळा सांकेतिक शिक्का असतो. टॉवर आपल्याला हव्या त्या शिक्क्याचे तेवढे वेचून घेतो. बाकीच्यांचे बोलणे त्याच्या लेखी नुसती खरखर. म्हणून टॉवरजवळच्या फोनने मोठा आवाज काढला तर दूरचा बुडून जातो. यावर उपाय म्हणून प्रत्येक फोनची ताकद सेकंदाला पंधराशे वेळा कमी-जास्त करत राहायची. गिऱ्हाईक वाढले की खरखर वाढणार, आणि सेलच्या काठावरचे फोन तुटायला लागणार. सकाळी घराच्या कोपऱ्यात येणारी रेंज संध्याकाळी सातला गायब, ती का, हे अनेकांना कळले नाही. टॉवर तोच होता. सेल आक्रसलेला होता. सुरुवातीला सेकंदाला ३८४ किलोबिटची मजल मारणाऱ्या या जाळ्याला खरा वेग आला तो एचएसपीए नावाच्या मधल्या सुधारणेमुळे, ज्या सुधारणेला कोणी पिढी म्हटले नाही. आणि त्या वेगाला काम मिळाले ते आयफोन आणि अँड्रॉइडमुळे. पहिला, २००७चा आयफोन तर एजवरच चालत होता.

आपल्याकडे थ्रीजी आणले सरकारी एमटीएनएलने, २००८च्या अखेरीस दिल्लीत आणि पुढच्या वर्षी मुंबईत. खासगी कंपन्यांना २०१०च्या लिलावापर्यंत थांबावे लागले. १८३ फेऱ्या चाललेल्या त्या लिलावात सरकारला थ्रीजीचे ६७,७१९ कोटी मिळाले, ब्रॉडबँडच्या लहरींचे आणखी ३८ हजार कोटींवर. सरकारने दोन्ही मिळून पस्तीस हजार कोटी धरले होते. देशभरच्या सगळ्या परिमंडळांत थ्रीजीच्या लहरी मिळालेली एकही खासगी कंपनी नव्हती. मग एकमेकींच्या जाळ्यावर ग्राहक फिरवण्याचे करार झाले, दूरसंचार खात्याने ते बेकायदा ठरवले, पुन्हा न्यायालय. दुसरीकडे २००८च्या टूजी परवान्यांचे प्रकरण उघडले गेले आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. या धामधुमीत थ्रीजीचा डेटा महाग राहिला, टॉवर विरळ राहिले. तालुक्याच्या गावी फोनच्या कोपऱ्यात ‘एच’ उमटला की माणूस तिथेच उभा राहून फोटो पाठवून घेई. खिशातले इंटरनेट आले होते, पण ते मोजून-मापून वापरायचे होते. डेटा चालू केला की काम आटोपून लगेच बंद करायची सवय आपल्याला त्या काळाने लावली.

चौथ्या पिढीच्या पोटातल्या दोन कल्पना जुन्याच होत्या, पण त्या स्वस्तात राबवायला लागणारी चिप नवी होती. पहिली कल्पना अशी: एका रुंद पट्टीवरून वेगाने माहिती सोडली की ती इमारतींवर आपटून थोडी उशिरा पुन्हा येते आणि पुढच्या अंकावर सांडते. त्याऐवजी पट्टीच्या शेकडो अरुंद चिरफळ्या करा, प्रत्येकीवरून सावकाश माहिती सोडा. प्रत्येक चिरफळी संथ, पण सगळ्यांची बेरीज प्रचंड. आणि संथपणामुळे प्रतिध्वनी सांडत नाही. एलटीईत अशी प्रत्येक चिरफळी १५ किलोहर्ट्झची असते, आणि वीस मेगाहर्ट्झमध्ये त्या बाराशे बसतात. बेल लॅबमध्ये हे गणित १९६६मध्ये मांडले गेले होते.

दुसऱ्या कल्पनेचा धागा पुण्यापर्यंत येतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये दाखवून दिले होते की ठरावीक रुंदीच्या पट्टीतून, ठरावीक ताकदीने, ठरावीकच माहिती जाऊ शकते. रुंदी दुप्पट केली तर क्षमता जवळजवळ दुप्पट होते. ताकद दुप्पट केली तर नुसती चिमूटभर वाढते. ही भिंत ओलांडता येत नाही, पण एकाच पट्टीत अनेक वाटा काढता आल्या तर? १९९२मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आरोग्यस्वामी पॉलराज यांनी थॉमस कैलथ यांच्यासह याच्या पेटंटसाठी अर्ज केला. टॉवरवर अनेक अँटेना, फोनमध्येही अनेक अँटेना. लहरी भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात, त्या वाटांचाच उपयोग करून एकाच वारंवारतेवर एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवायची. तोवर अभियंत्यांनी ज्या प्रतिध्वनीला शत्रू मानले होते त्याला कामाला जुंपायचे. कैलथ पुण्यात जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६मध्ये पदवी घेऊन अमेरिकेला गेले. पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून भारतीय नौदलात गेलेले अधिकारी; पाणबुड्या हुडकणारी सोनार यंत्रणा त्यांनी देशात घडवली आणि मग स्टॅनफर्डला पोचले. समुद्राखाली अनेक कानांनी ऐकण्याचे जे गणित, तेच हवेत अनेक तोंडांनी बोलायला उपयोगी पडले असे म्हणायला जागा आहे. सुरुवातीला ही कल्पना अव्यवहार्य म्हणून उडवून लावणारे कमी नव्हते. आज वायफायचा राउटर असो की फाइव्हजीचा टॉवर, ‘मायमो’ नावाने रुळलेल्या या कल्पनेवाचून कोणाचे पान हलत नाही. पेठेतल्या पुणेकराला या गोष्टीचा जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटताना दिसत नाही, बहुधा माहीतच नसल्यामुळे.

चौथ्या पिढीने आणखी एक धाडस केले. बोलण्यासाठीचा वेगळा मार्गच काढून टाकला. आवाजही आता डेटाच, इंटरनेटच्या पाकिटांत भरून जाणारा. ते नीट बसेपर्यंत वर्षे गेली आणि तोवर फोरजीच्या फोनवर कॉल आला की तो गुपचूप थ्रीजी किंवा टूजीवर उतरून बोलत असे. एअरटेलने २०१२मध्ये कोलकाता, बंगळुरू आणि मग पुण्यात फोरजी सुरू केले तेव्हा ते डोंगलपुरते होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले ते मात्र फक्त फोरजी घेऊन. खाली उतरायला त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतेच. ज्या ब्रॉडबँड लहरींवर जिओची सुरुवात रचली गेली, त्या २०१०च्या लिलावात इन्फोटेल नावाच्या एका लहान कंपनीने घेतल्या होत्या आणि निकालाच्याच दिवशी रिलायन्सने ती कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले होते. सहा वर्षे थांबून त्यांनी फुकट कॉल आणि जवळपास फुकट डेटा बाजारात ओतला. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांनुसार २०१४मध्ये एक जीबी डेटाला सरासरी २७० रुपयांच्या घरात मोजावे लागत. २०१८मध्ये बारा रुपयेही लागेनात.

जिओ आले त्याच वर्षी, २०१६मध्ये, यूपीआय सुरू झाले होते, नोव्हेंबरात नोटाबंदी आली. हे सगळे एकावर एक येऊन आदळले आणि तिसऱ्या पिढीचा वायदा आपल्याकडे दोन-तीन वर्षांत फिटला. शेतकरी बाजारभाव बघू लागला, आजी नातवंडांशी व्हिडिओवर बोलू लागली. जपान्यांना २००१मध्ये न पटलेला व्हिडिओ कॉल व्हॉट्सअ‍ॅपवर सहज रुळला. पण किंमत चुकवली कोणी? एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स मैदानातून गेल्या. मुंबईतली पहिल्यापासूनची बीपीएल, जी पुढे लूप झाली, ती आधीच २०१४मध्ये बंद पडली होती. व्होडाफोन आणि आयडियाने २०१८मध्ये एकमेकींचा आधार घेतला. आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी महसुलाच्या व्याख्येवरचा तो जुना वाद सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने सुटला. उरलेल्या कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी बसली. डझनभर कंपन्यांचा बाजार तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्यावर आला. स्वस्ताई ही स्पर्धेची असते तशी स्पर्धा संपवण्याचीही असू शकते, हे २०१९नंतरच्या रिचार्जच्या दरवाढींनी ग्राहकाला हळूहळू दाखवले.

पाचव्या पिढीकडे येताना थोडे सावध व्हावे लागते. तिने एक नव्हे, तीन वायदे केले. सेकंदाला वीस गिगाबिटचा कमाल वेग. एका सहस्रांश सेकंदात प्रतिसाद. आणि एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे. शस्त्रक्रिया दुरून होईल, गाड्या एकमेकींशी बोलतील, कारखान्यातला प्रत्येक स्क्रू जाळ्यावर असेल, अशी चित्रे काढली गेली. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांनी ‘जगात पहिले’ होण्यासाठी ३ एप्रिल २०१९च्या रात्री अकरा वाजता मूठभर निवडक ग्राहकांचे फोन सुरू केले, कारण अमेरिकेची व्हेरायझन आपली तारीख अलीकडे आणत असल्याची कुणकुण लागली होती. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झाली. त्याआधीच्या लिलावात सरकारला दीड लाख कोटींहून थोडे जास्त मिळाले. दोन लिलावांत कोणी हात न लावलेली ७०० मेगाहर्ट्झची पट्टी या वेळी जिओने घेतली. भिंतीतून आत शिरायला ती उत्तम, पण महाग. जाता जाता नोंदवावे: जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पन्नास ते १४५० मेगाहर्ट्झ या टापूत विश्व ऐकते, आणि मोबाइलच्या सातशे, आठशे, नऊशेच्या पट्ट्या नेमक्या त्याच टापूत पडतात. लहरींच्या लिलावात आकाशगंगांना बोली लावता येत नाही.

फाइव्हजीची खरी कमाई ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झच्या मधल्या पट्टीत आहे. टॉवरवरच्या एका सपाट पेटीत ३२ किंवा ६४ प्रसारक बसवलेले असतात. ते मिळून लहरींचा झोत ग्राहकाच्या दिशेने वळवतात. ही पॉलराज-कैलथ यांच्याच कल्पनेची मोठी नात. त्याहून वरचा, २६ गिगाहर्ट्झचा टापू स्वस्तात विकला गेला, पण तिथल्या लहरी झाडाच्या पानांनीही अडतात. अशा मिलिमीटर लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात प्रयोग केले होते. सव्वाशे वर्षांनी त्या बाजारात आल्या आणि अजून नीटसे गिऱ्हाईक शोधत आहेत.

मग तीन वायद्यांचे काय झाले? वेग वाढला, पण तो कशासाठी हवा याचे उत्तर ग्राहकाकडे नाही. फोरजीवर चालत नव्हते असे एकही लोकप्रिय अ‍ॅप फाइव्हजीने जन्माला घातलेले नाही. प्रतिसादाचा वायदा जाळ्याचा गाभा नवा असेल तरच पुरा होऊ शकतो. जिओने तसा उभारला, एअरटेलने आधी फोरजीच्याच गाभ्यावर फाइव्हजीचा रेडिओ जोडून काम भागवले. ग्राहकाला दोहोंतला फरक ओळखता आला नाही, यातच सगळे आले. कारखान्यांतल्या लाखो उपकरणांचा वायदा चाकण-रांजणगावात अजून प्रात्यक्षिकांच्या पुढे सरकल्याचे दिसत नाही. प्रत्यक्षात फाइव्हजी चालले ते दोन कामांना: फोरजीवरची गर्दी हलकी करायला, आणि जिथे फायबर पोचत नाही त्या घराच्या गच्चीवर डबा बसवून वायफाय द्यायला. दोन्ही कामे उपयोगाची आहेत. पण नीट पाहिले तर ती चौथ्या पिढीची राहिलेली कामे आहेत. २०२०च्या टाळेबंदीत कोकणातली मुले रेंजसाठी डोंगरमाथ्यावर आडोसा बांधून तासाला बसत होती. त्यांना हवे होते साधे, न तुटणारे फोरजी.

आणि जुन्या पिढ्या? इथे तर क्रमच उलटा झाला. एअरटेलने २०२०पर्यंत थ्रीजी गुंडाळले, टूजी ठेवले. एवढे पैसे मोजून आलेली तिसरी पिढी दुसरीच्या आधी गेली. कारण साधे आहे. थ्रीजीचे काम फोरजी जास्त चांगले करते. टूजीचे काम, म्हणजे आठवडाभर टिकणाऱ्या बॅटरीच्या फोनवर फक्त बोलणे, दुसरे कोणी तेवढ्या स्वस्तात करत नाही. देशात कोट्यवधी लोक अजून टूजीवर आहेत. दुकानातली कार्ड घासायची यंत्रे आहेत, मालमोटारींवरचे जीपीएस डबे आहेत. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७लाच टूजी बंद केले. आपल्याकडे जिओ तशी मागणी करते, एअरटेल आणि व्ही गप्प राहतात, कारण तो ग्राहक त्यांचा आहे. सरकारी बीएसएनएलची कथा आणखी निराळी. इतरांचे फाइव्हजी तीन वर्षांचे झाले तेव्हा, २७ सप्टेंबर २०२५ रोजी, तिच्या देशी बनावटीच्या फोरजीचे ओडिशातल्या झारसुगुड्यातून उद्घाटन झाले. यावर विनोद पुष्कळ झाले. पण सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून जाळ्याचा गाभा आणि रेडिओ देशात घडवला, ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. आजवरच्या सगळ्या पिढ्यांत आपण मुख्यतः आयात उपकरणांचे गिऱ्हाईकच होतो.

सहाव्या पिढीचा आराखडा आयटीयूने २०२३च्या नोव्हेंबरात मंजूर केला. भारतानेही त्याच वर्षी आपले सिक्सजीचे दृष्टिपत्र काढले. आराखड्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, लहरींनीच आसपासच्या वस्तूंचा वेध घेण्याची सोय आहे, जी रडारसारखी चालेल आणि जिच्या खासगीपणाच्या बाजूवर बोलणे अजून पुरेसे झालेले नाही. आणि ‘सर्वत्र जोडणी’ हेही एक उद्दिष्ट आहे: उपग्रह आणि टॉवर मिळून समुद्र, डोंगर, वाळवंट झाकायचे. पहिली सेवा २०३०च्या आसपास अपेक्षित आहे.

या वेळी मात्र एक नवे घडले आहे. मोबाइल कंपन्यांच्या एनजीएमएन नावाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३मध्येच निवेदन काढून सांगितले की सिक्सजीसाठी फाइव्हजीचे रेडिओ उतरवून नवे चढवण्याची सक्ती आम्हाला नको. जमेल तेवढे सॉफ्टवेअरने करा. आजवर प्रत्येक पिढीच्या स्वागताला तोरण बांधणारेच हे म्हणत आहेत. रेडिओ विकणाऱ्या कारखान्यांचे म्हणणे अर्थातच वेगळे आहे, आणि मानके ठरवणाऱ्या बैठकांत दोघेही शेजारीशेजारी बसतात.